दिवेलागणीचा ठोका

जळगावच्या आमच्या घरात बोलत्या माणसांपेक्षा मुके रेडिओ जास्त होते. नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडिओदुरुस्तीचं आणि माइक भाड्यानं देण्याचं दुकान पुढच्या खोलीत होतं. दुकानात मावेना ते सगळं मागं यायचं आणि आमच्या अंथरुणांशेजारी मुक्काम ठोकायचं. उशाला कुणाचा तरी पोट उघडं टाकलेला रेडिओ, पायथ्याशी लग्नाहून परत आलेले भोंगे. आई म्हणायची, "माणसाच्या घरात पाळणे असतात, आमच्या घरात प्रेतं." नाना हसायचे आणि तारांना कथलाचे टाके घालायचा कय्या तापत ठेवायचे. तो तापला की कथलाचा धूर चुलीच्या धुरात मिसळायचा. कळण्याच्या भाकरीला आमच्याकडं कथलाचा वास येतो असं माझी मावशी सगळीकडं सांगत फिरायची, आणि तिचं काही खोटं नव्हतं. पोळ्या लाटायच्या म्हटलं की माझे हात दुखायचे, कय्या धरायचा म्हटलं की दुखत नसत. आईनं पुष्कळ कपाळ बडवलं, पण नानांना मुलगा नव्हता आणि मला लाज नव्हती, तेव्हा मी शिकले. नानांचा क्रम ठरलेला होता. आधी डोळ्यांनी बघायचं, मग नाकानं, मग कानांनी, आणि हात लावायचा सगळ्यांत शेवटी. तोसुद्धा एकच हात. दुसरा पाठीमागं बांधल्यासारखा ठेवायचा, म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीतून दुसरीकडं जायची नाही. अजूनही मी मिक्सरचं बटण दाबताना डावा हात पाठीमागं नेते, आणि माझी सून तोंडाला पदर लावून हसते. हसू दे बापडी.

नानांची थोरली बहीण धुळ्याला देवपुरात राहायची. तिला सगळे अक्काच म्हणत, आम्हीही. अक्काचा एकुलता एक मुलगा मधुभाऊ. दिवसा कचेरीत कारकुनी, आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रा पार्टीत बेस गिटार. चार जाड तारांचं ते वाद्य तोवर आमच्याकडं कुणी पाहिलेलं नव्हतं. अक्का त्याला 'ते बैलगाडीचं जू' म्हणायची. माइकच्या साध्या मशिनीवर ते लावलं की भोंगा फाटायचा, म्हणून मधुभाऊंच्या लग्नात नानांनी आहेर म्हणून त्यांना खास ॲम्प्लिफायर बांधून दिला. सागवानी पेटी, खाली परातीएवढा स्पीकर, वर चार काचेचे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह भट्टीसारखे तापतात, म्हणून पेटीच्या माथ्यावर नानांनी करवतीनं लांबट फटी पाडल्या होत्या. कंदील धरून मी शेजारी बसले होते आणि निम्मे टाके माझ्या हातचे होते. घरात त्या यंत्राला कुणीच इंग्रजी नाव घेतलं नाही. ती पेटीच राहिली.

मधुभाऊंची बायको सुमनवहिनी. गोरी, ठेंगणी आणि अखंड बडबडी. तिला पहिल्यांदा भेटलेला माणूससुद्धा निघताना आतलं काहीतरी सांगून जायचा. भाऊ सरावाला बसले की ती पेटीला टेकून बसायची आणि बांगड्यांच्या हातानं पेटीच्या कुशीवर ठेका धरायची. दोन ठोके, थोडं थांबून एक. धप-धप... धप. "ह्यांना ताल मी देते," असं म्हणायची आणि भाऊ खरंच लाजायचे. नानांचा तिच्यावर पोटच्या पोरीसारखा जीव. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तिला कावीळ झाली. झाडपाला झाला, दवाखाना झाला, आणि एका उन्हाळ्यात ती गेली. सवाष्ण गेली, मळवट भरून गेली, असं बायका एकमेकींना सांगत होत्या, जसं काही त्यानं कुणाचं काही परत येणार होतं. भाऊंनी तिचा फोटो मोठा करून घेतला आणि पेटीच्या बरोबर वर भिंतीवर लावला. अक्का रोज त्या फोटोला चिमूटभर हळदीकुंकू वाहायची. काही महिन्यांत पेटी आधी खरखरायला लागली आणि मग बंद पडली. तारा छेडाव्यात, पुढं काही नाही. अक्का म्हणाली, "सुमन तिना आवाज संगे लयी गयी." भाऊंनी गिटार खिळ्याला अडकवून टाकली.

वर्ष झाल्यावर अक्कानं त्यांचं दुसरं लग्न लावलं. मुलगी एदलाबादकडची, इंदू. माझ्याहून फार तर वर्षभरानं मोठी. सावळी, उंच, आणि घाबरली की खालचा ओठ आत ओढून घेणारी. दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायची रीत असते. चांदीच्या एवढ्याशा पत्र्यावर ठोकलेली बाईची आकृती, काळ्या दोऱ्यात. तो टाक अक्कानं इंदूच्या गळ्यात स्वतः बांधला आणि सांगितलं की रोज दिवेलागणीला आधी सवतीला हळदीकुंकू, मगच स्वतःच्या कपाळाला बोट. इंदूच्या माहेरची पद्धत आणखी कडक. तिथं कोरडं कुंकू वाहत नाहीत. ओलं करून लावायचं आणि वरून फुलानं पाणी शिंपडायचं. पोरीनं दोन्ही घरचं मनोभावे केलं. आणि मग एका संध्याकाळी, फोटोला हात जोडून ती वळते न वळते तोच, खालच्या मुक्या पेटीतून आवाज आला. धप-धप... धप.

हे जळगावला कळलं ते पत्रानं नव्हे, अक्काच्या शेजारणीच्या तोंडून. नाना दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन धुळ्याला गेले. परत आले ते जेवले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, "ते काम आपलं नाही." उशिरा मला एकटीला सांगितलं, की त्यांनी पेटीवर तळहात ठेवला होता. पेटी गरम होती. पुढचा लाल दिवा विझलेला, बटण बंदकडे फिरवलेलं, तरी कपाळ तापावं तशी गरम. आणि आतून तो ठोका. नानांनी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर बाहेर काढलाच नाही. ज्या माणसानं भर पावसात खांबावर चढून गणपतीचे भोंगे जोडले, त्या माणसाची ही कथा. मला तेव्हा नानांचा राग आला होता. आता येत नाही. माणसाला माहीत असतं त्याहून जास्त त्याला आठवत असतं, मग बिचारं माहीत असलेलं काय करणार?

त्या दिवाळीला अक्काचे गुडघे धरले होते, म्हणून फराळाला हात म्हणून माझी रवानगी देवपूरला झाली. 'हिच्या हातचा फराळ खाऊन पाहुणे पळतील,' असं आई म्हणाली खरी, पण पाठवलं. पारोळ्याच्या वाटेनं एसटी खडखडत गेली, कापसाच्या गाड्यांच्या मागं मागं. अक्काचं घर पांझरेकडं उतरणाऱ्या गल्लीत होतं. स्वयंपाकघरात डुबुकवड्यांचा तिखट वास, बाहेर खाटेवर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे, आणि ओसरीवर अक्काचं तोंड, जे कधी बंद नसायचं. पण त्या खेपेला मला पहिल्यांदा जाणवलं ते वेगळंच. ऊन उतरायला लागलं तसं त्या घरातलं बोलणं कमी कमी होत गेलं. अक्कानं लसूण सोलायचा थांबवला. समोरच्या घरच्या बाईनं खेळणाऱ्या पोरांना हाका मारून आत घेतलं आणि दार ओढून घेतलं. भाऊ कचेरीतून आले, पाय धुतले, आणि कुणाशी एक अक्षर न बोलता मधल्या खोलीत जाऊन पेटीसमोर जमिनीवर बसले. आरतीला बसावं तसे.

इंदूवहिनी कुंकवाची कोयरी आणि पाण्याचा गडू घेऊन आली. तिनं सगळं नीट केलं. फोटोला ओलं कुंकू, त्यावर झेंडूच्या फुलानं शिंपडलेलं पाणी. मग दाराजवळचं बटण दाबून तिनं दिवा लावला. आम्ही हात जोडले. अक्का पुटपुटत होती. शुभंकरोती संपलं आणि क्षणभर काहीच झालं नाही. मी मनात म्हटलं, काय बाई ही माणसं! आणि तेवढ्यात ते आलं. आवाज म्हणावा तर आवाज नाही, आधी तो पायांच्या तळव्यांना कळला. धप-धप. मग थोडी उसंत. धप. पुन्हा. जिवंत माणसाच्या छातीला कान लावावा तसा. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, खोटं कशाला सांगू! फोटोतली सुमनवहिनी हसतच होती. भाऊंनी डोळे मिटले होते आणि त्यांची बोटं मांडीवर तोच ठेका धरत होती. वर्षभरात मी त्यांचा चेहरा इतका सुखी पाहिला नव्हता. जेवणाची वेळ होईपर्यंत ठोका हळूहळू मंदावला आणि थांबला. मग भाऊ उठले, दिवा घालवला आणि पानावर येऊन बसले. इंदूनं वाढलं, त्यांनी खाल्लं, मान वर करून पाहिलं नाही.

"ती उनी तवयपाईन हाई चालू शे," अक्का भाकरी मोडता मोडता म्हणाली. ती आल्यापासून हे चालू आहे. इंदू तिथंच उभी होती. "सुमनले हाई पटनी नही. पटनी नही म्हनीसन ठोका देस." आणि मग माझ्याकडं वळून, जसं काही दुधाचं सांगावं, तसं सांगितलं की भाऊबीजेला इंदूचा भाऊ न्यायला येणार आहे, तिची कपड्यांची ट्रंक भरून ठेवली आहे, आणि आता तिला परत आणायची नाही. मेलेल्या माणसाशी वैर कोण घेणार! मी भाऊंकडं पाहिलं. ते ताटातल्या आमटीत बोट फिरवत होते. राग म्हणजे असा आला मला, की ती आमटी त्यांच्या डोक्यावर ओतावी. पण मी पाहुणी, त्यात धाकटी. गिळला.

मागच्या अंगणात भांडी घासताना वहिनी बोलली. तिची बोली एदलाबादकडची, अक्का तिला त्यावरूनही हिणवायची. "मले माहेरी जायाचं भेव नाही, शकूताई. पण तिथी माह्या मागं दोन बहिणी हायेत लग्नाच्या. सवतीनं हाकलून देल्ली म्हनल्यावर त्याहिले कोन करीन?" थोडा वेळ राखेनं तवा घासत राहिली. "ते माह्याशी बोलतच नाहीत. तिच्याशी बोलतात. मी दिवसभर त्या टाकाले हात लाऊन सांगते, बाई, मी तुह्यं काही नेलं नाही. संध्याकाळी ती ठोकतेच." तिला रडू आलं नाही. आलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं, पेटी कुणी उघडून पाहिली का? तिनं जीभ चावली. "अक्का हात लाऊ देत नाहीत. तिची हाये ना."

झालं! तिची कसली, निम्मी माझी होती. टाके माझे होते. रात्रभर अंथरुणात पडून मी ती पेटी मनातल्या मनात उघडत होते. सुमनवहिनी ठोकत असेल तर तिला दिव्याचं बटण कशाला लागतं? दिवा लावल्याशिवाय ती कधी आली नव्हती. आणि दिवा लावल्याबरोबर न येता शुभंकरोती संपेपर्यंत थांबायची. व्हॉल्व्ह तापायला नेमका तेवढाच वेळ लागतो. हे सुचलं तेव्हा बरं वाटायला हवं होतं. पण अंधारात मधल्या खोलीच्या दाराकडं बघत असताना मला अजिबात बरं वाटलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी अक्का लाह्या-बत्तासे आणायला बाजारात गेली आणि पिशव्या धरायला भाऊंना घेऊन गेली. मी वहिनीला म्हटलं, "चल." ती दारातच थबकली. मी आत जाऊन आधी डोळ्यांनी पाहिलं, नानांनी शिकवलं होतं तसं. छतातल्या दिव्याच्या होल्डरमध्ये फाटा बसवला होता. एका फाट्यावर दिवा, दुसऱ्यावरून वायर खाली पेटीकडं. भिंतीत दुसरी जागाच नव्हती, तेव्हा सगळीकडं असंच चालायचं. म्हणजे दिव्याचं बटण दाबलं की पेटीलाही वीज. पेटीचं स्वतःचं बटण फिरवून पाहिलं. ते नुसतंच गरगर फिरत होतं, आतून चालूवरच अडकलेलं. लाल दिवा कधीचा उडालेला. भाऊंना हे कळत नव्हतं का? दोन वर्षं ती पेटी वाजवलेला माणूस! कळून घ्यायचं नव्हतं, दुसरं काय.

वायर काढली आणि भाऊंच्याच स्क्रू-ड्रायव्हरनं पाठीमागची फळी सोडवली. खोलीत उजेड कमी. वीज बंद, बॅटरी नाही. वहिनीला म्हटलं, तुझा आरसा आण. रुखवतातला आरसा घेऊन ती खिडकीत उभी राहिली आणि तिनं अंगणातलं ऊन धरून आत टाकलं. ते कवडशाचं बोट पेटीत शिरलं आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" असंच निघालं. आत सगळं लाल होतं. व्हॉल्व्हच्या खालच्या बैठका, तारा, पत्रा, सगळ्यावर कुंकवाचे ओघळ. काही वाळून पापुद्रे धरलेले, काही कालचे, अजून ओलसर. हळदीचा कोंदट वास आला, आणि त्यात जळक्याचा. एका कोपऱ्यात झेंडूची पाकळी चिकटली होती. त्या पेटीनं आतून मळवट भरला होता. मी रेडिओ शेकड्यांनी उघडलेले पाहिलेत, पण तेवढी भीती मला त्याआधी किंवा नंतर कधी वाटली नाही.

आरसा हलायला लागला. "काय हाये आत?" वहिनीनं विचारलं. मी म्हटलं, थांब. डावा हात पाठीमागं नेला. मोठ्या कंडेन्सरात वीज साठून राहते, वायर काढली तरी राहते, ती आधी उतरवावी लागते. उजव्या हातानं लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या टोकांवर आडवा टेकवला. निळी ठिणगी उडाली, आणि खालच्या स्पीकरमधून, वायर काढलेल्या त्या पेटीतून, एकच ठोका आला. धप्प. वहिनी किंचाळली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "बोल्ली." मी म्हटलं, "नाही वहिनी. कालची वीज उरली होती, ती गेली." पण मीही हात पटकन बाहेर ओढला होता. गेल्यावरही काहीतरी उरतं, हे मी तिला एवढ्या खात्रीनं सांगत होते, आणि सांगता सांगता मला कळलं की यानं तिचं समाधान व्हायच्या ऐवजी ती आणखी घाबरेल.

मग तिला जवळ बोलावलं आणि बोटानं दाखवलं. वर फोटो. फोटोच्या बरोबर खाली पेटीच्या माथ्यावरच्या फटी, नानांनी पाडलेल्या. शिंपडलेलं पाणी ओलं कुंकू घेऊन काचेवरून ओघळतं आणि या मधल्या फटीतून थेट या बैठकीवर पडतं. इथं ह्या पिनेला मोठी वीज असते आणि ह्या शेजारच्या पिनेला अजिबात नको असते. मधे ओलं कुंकू आलं की ती झिरपते. झिरपून साचते, साचली की सुटते, पुन्हा साचते. रांजणाच्या भोकातून थेंब पडावा तशी. तोच ठोका. व्हॉल्व्हच्या उष्णतेनं कुंकू वाळलं की ठोका बंद. अक्का कोरडं वाहायची तेव्हा नुसती खरखर झाली आणि पेटी मुकी पडली. ओलं सुरू झाल्यावर ती बोलायला लागली. घरानं घाबरून जितकी पूजा वाढवली, तितकी ती जोरात ठोकत गेली.

वहिनी कितीतरी वेळ त्या लाल बैठकीकडं बघत राहिली. मला वाटलं, आता हसेल, किंवा मोकळी होऊन रडेल. ती म्हणाली, "म्हंजे ते रोज माह्यंच कुंकू ऐकत होते?" मग तिनं माझा हात धरला. "अक्काले सांगू नोका. सांगान तर म्हनतीन, हिनं मुद्दाम केलं. सवतीवर करणी केली." खरंच होतं तिचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. पण ज्याला बघायचंच नाही त्याच्यापुढं आरसा धरून तरी काय?

गल्लीच्या तोंडाशी कंपाउंडरचं दुकान होतं, तिथून स्पिरिटची बाटली आणली. जुन्या दातांच्या ब्रशनं एकेक पिन घासली. जळून काळी पडलेली रेघ ब्लेडनं खरवडली, खालचं पांढरं लागेपर्यंत, कारण ती काजळीसुद्धा वीज वाहून नेते. अडकलेलं बटण सोडवलं. वहिनी शेजारी उकिडवी बसून सगळं बघत होती, आणि मधेच "ही कोनती?" "अन् हिच्यावर पडलं तर?" असं विचारत होती. मी सांगत गेले. विचारणारं कुणी भेटलं की माझं तोंड सुटतं, जन्माची खोड. फोटो हलवू या म्हटलं तर ती नाही म्हणाली. फोटोला हात लावला असता तर अक्कानं घर डोक्यावर घेतलं असतं. मग मी शिवणाच्या दोऱ्याची चार रिकामी लाकडी रिळं पेटीच्या माथ्यावर ठेवली आणि त्यांवर जेवायचा पाट आडवा टाकला. खालून हवा खेळती, वरून पाणी पाटावर. स्पिरिटची उरलेली बाटली आणि ब्रश वहिनीला दिला, घरात काही लागलंच तर म्हणून. फळी लावून होते तोच बाहेर अक्काचा आवाज आला.

पाट पाहून तिनं विचारलं. मी म्हटलं, लक्ष्मीपूजन आहे, सुमनवहिनीपुढं पणती ठेवायला केलाय. ते तिला पटलं. संध्याकाळी गल्लीत फटाके सुरू झाले. आमच्या मधल्या खोलीत मात्र चार माणसं कान लावून बसलेली. वहिनीनं ओलं कुंकू लावलं, पाणी शिंपडलं, ते ओघळून पाटावर जमलं. दिवा लावला. शुभंकरोती संपलं. बाहेर एक माळ तडतडत संपली आणि त्यानंतर जी शांतता पडली ती ठोक्याहून वाईट होती. अक्का आधी पेटीकडं, मग इंदूकडं बघायला लागली. "आज चूप कशी शे?" भाऊंनी पेटीला हात लावला. मग कान लावला. लहान मूल आईला हलवून उठवतं तसं त्यांनी तिला हलवलं. मला ते बघवेना. आणि मग ते माझ्याकडं वळले. "शके, काय केलंस तू?"

"दुरुस्त केली," मी म्हटलं. "वाजवून बघा भाऊ."

ते हललेच नाहीत. मला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढतात. तेव्हा इंदूवहिनी उठली. खिळ्यावरची गिटार तिनं काढली, पदरानं धूळ पुसली आणि त्यांच्यापुढं धरली. त्या घरात आल्यापासून नवऱ्याशी ती आपणहून बोललेली मी पहिल्यांदा ऐकलं. "वाजवा ना. तिले आइकू द्या." भाऊंनी गिटार घेतली. वायर लावली. जाड तार त्यांनी एकदाच ओढली. तो आवाज फरशीतून गुडघ्यांत चढला. फडताळातली भांडी किणकिणली, फोटोची काच थरथरली, आणि वहिनीच्या गळ्यातला चांदीचा टाक तिच्या कातडीवर थडथड नाचायला लागला. तिनं तो मुठीत धरला नाही. तसाच नाचू दिला. भाऊ वाजवत राहिले, आणि वाजवता वाजवता हमसून हमसून रडायला लागले. इतक्या दिवसांत ते सुमनवहिनीसाठी रडले नव्हते, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. अक्कानं पदर तोंडाला लावला. "शांत हुयनी माय," ती म्हणाली. "हिना हातनं शांत हुयनी." कुणाच्या हातानं ते मी सांगायला गेले नाही.

भाऊबीजेला इंदूचा भाऊ आला. भरून ठेवलेली ट्रंक अक्कानं स्वतः उघडली, निम्मी लुगडी काढून परत फडताळात ठेवली आणि त्या जागी अनारसे भरले. "लवकर ये व माय," म्हणाली, "वाट दखसूत." मी जळगावला परतले. नानांना सगळं सांगितलं, कुंकवासकट. ते ऐकत होते आणि कय्याचं टोक फडक्यानं पुसत होते. "सगळं साफ केलंस?" "हो." "सगळं?" मी पुन्हा हो म्हटलं. मग त्यांनी समोरच्या रेडिओचं बटण फिरवलं आणि आवाज गरजेपेक्षा मोठा केला. पुढं ते धुळ्याला कधी गेले तरी त्या खोलीत गेले नाहीत.

मी गेले, पण मधे बरेच महिने गेले. माझं लग्न ठरलं होतं आणि अक्काला बोलावणं करायला मी गेले होते. घर ओळखू येत नव्हतं. किल्ल्या वहिनीच्या कमरेला, अक्का तिला विचारून दूध घेत होती. भाऊ पुन्हा पार्टीत वाजवायला लागले होते. कचेरीतून आले ते 'इंदू, चहा' असं ओरडतच आले. वहिनी अंगानं भरली होती, चार-पाच महिन्यांची तरी गरोदर असेल. मी मनातून जाम खूश. माझीच करामत ना ती! स्वयंपाकघरात चुलीशी बसून मी लग्नाच्या साड्यांबद्दल काहीतरी सांगत होते. दिवेलागण झाली. वहिनी कोयरी घेऊन आत गेली, आली, भाकरी थापायला बसली. आतला दिवा लागलेला दिसत होता. भाऊ आत जाऊन बसले. मी बोलतच होते.

आणि पायांच्या तळव्यांना ते कळलं. धप-धप... धप.

माझ्या हातातलं उलथणं पडलं. मी मधल्या खोलीच्या दाराशी धावले. पेटीच्या माथ्यावरचा पाट काढून भिंतीला नीट टेकवून ठेवलेला होता, चारही रिळं त्याच्यापाशी ओळीनं. फोटोवर ओलं कुंकू चमकत होतं. भाऊ डोळे मिटून बसले होते, मांडीवर बोटं चालत होती. मी तशीच मागं फिरले. वहिनी चुलीपुढं होती. माझ्याकडं बघून ती हसली नाही की ओशाळली नाही.

"अगं, आग लागेल एखाद्या दिवशी!" मी कुजबुजले.

"नही लागनार. तुमी दाखाडेल त्याच पिनवर एक थेंब. सकाळले स्पिरिटघाई पुशी टाकस." अक्काची बोली तिच्या तोंडी कधी बसली, कोण जाणे. "अमावसलेच फक्त. त्यास्ले गरज शे."

"भाऊंना माहीत आहे?"

"इचारत नहीत." तिनं तव्यावर भाकरी टाकली, पाण्याचा हात फिरवला, आणि मग आतल्या दाराकडं अशी नजर टाकली, जशी मोठी जाऊ धाकटीच्या खोलीकडं टाकते. "एक दिन तिना," ती म्हणाली. "बाकीना बठ्ठा मना." बाकीचे सगळे माझे.

आत ठोका पडला. वहिनीनं भाकरी उलटली.